किक नोको मारू!

मित्रांनो, आपल्या मॅगझिनच्या मराठी विभागात दरवर्षी हॉस्टेलची मेस, सबमिशनच्या रात्री आणि ‘ती’ यांच्यावर भरपूर लिहून येतं. मी यातलं काहीच लिहिणार नाहीये. मी लिहिणार आहे एका मोटरसायकलबद्दल. तीसुद्धा शोरूममधली चकाचक नाही, तर आमच्या कोठ्यात तेवीस वर्षं उभी असलेली. (पुण्या-मुंबईकडच्या मित्रांसाठी : आमच्याकडे गोठ्याला कोठा म्हणतात.) आणि जाता जाता थोडंसं वाय.डी.बद्दल. ज्यांना हा शब्द माहीत नाही ते भाग्यवान!

तर झालं असं...

२०२३ च्या उन्हाळी परीक्षेचा निकाल लागला आणि माझे चार विषय राहिले. मॅथ्स-थ्री, थर्मो, कायनेमॅटिक्स आणि चौथा असा, की ज्यात सहसा कुणी राहत नाही. म्हणजे तिसऱ्या वर्षाला प्रवेश नाही. वर्ष गेलं. मी हॉस्टेलची खोली रिकामी केली, गादी गुंडाळली आणि एस.टी. पकडून सेलू तालुक्यातल्या आमच्या गावी येऊन पडलो.

बाबा काहीच बोलले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं! ते सकाळी वावरात जायचे, संध्याकाळी यायचे, जेवताना “भाजी घे” एवढंच म्हणायचे. आईच्या डोळ्यांत पाणी, आजीचं “होते बापू कधी कधी”, आणि गावातल्या लोकांचा एकच प्रश्न : “सुट्ट्या हायेत काय?” पंधरा दिवस मी “हो” म्हणालो. नंतर घराबाहेर पडणंच बंद केलं. मनातल्या मनात मी इंजिनीअरिंग सोडून दिलं होतं. फक्त कुणाला सांगितलं नव्हतं.

ऑगस्ट महिन्यात एक भंगारवाला दारात आला. त्याने कोठ्यात नजर टाकली आणि विचारलं, “भाऊ, ते फटफटी द्याची काय? साडेतीन हजार देतो.”

कुटाराच्या ढिगाला टेकून, ताडपत्रीखाली आजोबांची येझदी उभी होती. मला कळायला लागल्यापासून ती तिथंच होती. तिच्या सीटवर कोंबडी अंडी घालायची, हँडलला दोरखंड टांगलेले असायचे. ती ‘गाडी’ आहे हे आम्ही जवळजवळ विसरलोच होतो.

बाबा म्हणाले, “घेऊन जा.”

ओट्यावर तूर निवडत बसलेली आजी एकदम म्हणाली, “ते तुह्या बापाची गाडी हाय.”

“माय, मंग काय करू तिचं? लोणचं घालू काय?”

आणि त्या क्षणी माझ्या तोंडून निघून गेलं, “बाबा, मी चालू करतो. दिवाळीपर्यंत टाइम द्या मले.”

“तुले कार्बोरेटर तरी उघडता येते काय?”

“मी मेकॅनिकलला आहे ना बाबा!”

हे बोलल्यावर आम्ही दोघंही गप्प झालो. कशामुळे, ते तुम्हाला कळलंच असेल. पण भंगारवाला परत गेला.

आता थोडं या येझदीबद्दल. झेकोस्लोव्हाकियात १९२९ मध्ये फ्रान्तिशेक यानेचेक नावाच्या माणसाने वाँडरर कंपनीचा मोटरसायकलचा धंदा विकत घेतला आणि दोन्ही नावांची पहिली अक्षरं जोडून ‘जावा’ हे नाव तयार केलं. आपल्याकडे इराणी कुटुंबाच्या आयडियल जावा कंपनीने १९६१ पासून म्हैसूरला या गाड्या बनवल्या. पुढे सत्तरच्या दशकात त्याच गाड्या ‘येझदी’ या नावाने येऊ लागल्या. सिलिंडर एक, पण सायलेन्सर दोन. २५० सी.सी.चं टू-स्ट्रोक इंजिन. आणि सगळ्यात गंमत म्हणजे किक आणि गिअर एकच! डाव्या बाजूचा गिअरचा दांडा आत दाबून वर फिरवला की त्याचीच किक होते. गिअरवर पाय दाबला की क्लच आपोआप सुटतो. आजच्या पोरांना हे दाखवलं तर ते आधी उजव्या बाजूला किक शोधत बसतात. १९९६ मध्ये म्हैसूरचा कारखाना बंद पडला. २०१८ मध्ये जावा आणि २०२२ मध्ये येझदी ही नावं पुन्हा बाजारात आली, पण त्या गाड्या फोर-स्ट्रोक आहेत. आपल्या जुन्या गाडीचा पार्ट त्यांच्या शोरूममध्ये मागितला तर सेल्समन आपल्याकडे आपण म्युझियममधून आल्यासारखं बघतो.

आजोबांनी आमची येझदी १९८६ मध्ये नवी घेतली होती. कापसाच्या पैशातून. तिच्यावरून ते सरकीची ढेप आणायचे, आत्याला शाळेत सोडायचे, आणि एकदा म्हणे अख्खी बकरी मांडीवर घेऊन केळझरच्या बाजारातून आले होते. आजोबा गेल्यावर ती बाबांकडे आली. २००० साली इंजिनातून खडखड आवाज यायला लागला. मिस्त्रीने सांगितलं की क्रँकचं काम निघालं. त्या वर्षीचे कापसाचे पैसे आत्याच्या लग्नात गेले होते. बाबा म्हणाले, थोडे दिवस उभी ठेवू. ते ‘थोडे दिवस’ तेवीस वर्षं चालले.

पहिल्या दिवशी ताडपत्री काढली, कोंबडीला हाकललं आणि गाडी अंगणात ओढली. दोन्ही टायर खाली, चाकं जाम, टाकीला गंज. सीट उचलली तर खाली उंदराचं घरटं. वायरिंगचे तुकडे, कापूस आणि माझ्या पाचवीच्या वहीची पानं असं सगळं साहित्य वापरून बांधलेलं. सिव्हिलवाल्यांनी बघायला हवं होतं!

माझा प्लॅन सोपा होता. नवा प्लग, थोडं पेट्रोल, आणि किक. यूट्यूबवर असंच दाखवतात. मी शर्टाच्या बाह्या वर केल्या, किक बाहेर काढली, पाय ठेवला. तेवढ्यात मागून आवाज आला.

“किक नोको मारू बे!”

सेलूचे मिस्त्री काका. वय सत्तरच्या आसपास. पूर्वी याच गाडीचं काम तेच करायचे. बाबांनीच त्यांना फोन केला होता, हे मला नंतर कळलं.

“कायले नको काका? बघू तर द्या, फिरते का नाही.”

“फिरत नाही म्हनूनच नोको मारू. आत काय झालं हे तुले मालूम हाय काय? तोडून टाकशीन लेका.”

मग त्यांनी जे सांगितलं ते मी थर्मोच्या पुस्तकात वाचलं होतं, पण कळलं त्या दिवशी. फोर-स्ट्रोक इंजिनात खाली ऑइलचा साठा असतो आणि तो पंपाने सगळीकडे फिरतो. टू-स्ट्रोकमध्ये तसं काही नसतं. पेट्रोलमध्येच ऑइल मिसळायचं, आणि ते मिश्रण क्रँककेसमधून सिलिंडरमध्ये जाता जाता बेअरिंगला, रॉडला जेवढं चोपडलं जाईल तेवढंच त्यांचं वंगण. गाडी रोज चालते तोवर हे छान चालतं. गाडी उभी राहिली की पेट्रोल उडून जातं, ऑइलचा पातळ थर हळूहळू निथळतो, आणि पावसाळ्याची दमट हवा आत शिरून पोलादावर बसते. आपल्या वर्ध्याचा उन्हाळा पंचेचाळीसच्या वर, नंतर चार महिने पाऊस. असे तेवीस उन्हाळे-पावसाळे त्या इंजिनाने कोरड्या अंगाने काढले होते. पिस्टनच्या रिंगा सिलिंडरला गंजाने चिकटल्या होत्या.

आणि किक मारली असती तर? टू-स्ट्रोकच्या सिलिंडरला व्हॉल्व्ह नसतात, भिंतीतच खिडक्या असतात, ज्यांना आपण पोर्ट म्हणतो. चिकटलेली रिंग जोरात ओढली की तुटते, तिचं टोक त्या खिडकीत अडकतं, आणि सिलिंडर, पिस्टन दोन्ही कामातून जातात. म्हणजे जे बिघडलंच नव्हतं तेही बिघडलं असतं, आणि बिघडवणारा मी!

काकांनी प्लग काढला. डिझेल आणि ऑइल अर्धं-अर्धं करून प्लगच्या भोकातून वाटीभर ओतलं आणि म्हणाले, “आता जा घरात. झोप.”

“किती वेळ लागेल?”

“त्याले इचार,” असं म्हणून त्यांनी इंजिनकडे बोट दाखवलं आणि स्कूटरवर बसून निघून गेले.

दुसऱ्या दिवशी टॉप गिअर टाकून मागचं चाक हाताने पुढे-मागे हलवलं. काही नाही. पुन्हा ऑइल. तिसऱ्या दिवशीही काही नाही. चौथ्या दिवशी संध्याकाळी मी आणि बाबा (हो, बाबा येऊन उभे राहिले होते) चाक हलवत होतो, तेव्हा ‘कट्’ असा अगदी बारीक आवाज झाला आणि चाक बोटभर पुढे गेलं. मग बोटभर मागे. मग दोन बोटं. अर्ध्या तासात पिस्टन खाली-वर व्हायला लागला. निकालानंतर बाबांचा आणि माझा पहिला मोठा संवाद असा होता : “पुढं घे.” “मागं घे.” “अजून थोडं.” “बस.”

इंजिन मोकळं झालं, पण रॉडमध्ये खेळ होताच. तोच २००० सालचा खडखडाट. इंजिन उतरवून पूर्ण उघडलं. क्रँकला नवा कनेक्टिंग रॉड बसवायचा म्हणजे तो प्रेसवर दाबून सुटा करायचा आणि पुन्हा जोडायचा. हे काम नागपूरला एका लेथवाल्याकडे झालं. सिलिंडर बोअर करून एक साइज मोठा पिस्टन घातला. तिथं मी एक गोष्ट बघितली, जी मी कधी विसरणार नाही. जोडलेला क्रँक दोन सेंटरमध्ये धरून त्याने डायल गेज लावला. क्रँक फिरवला की सुई डोलायची. मग तो तांब्याच्या हातोडीने क्रँकला एक टोला द्यायचा, पुन्हा फिरवायचा. टोला, फिरवणं, टोला, फिरवणं... सुई जवळजवळ स्थिर होईपर्यंत. आपल्या मेट्रॉलॉजी लॅबमध्ये मी डायल गेजचं रीडिंग मित्राच्या फाईलमधून उतरवलं होतं. त्या आठवी पास माणसाने मला विचारलं, “कितीचा रनआऊट चालते, सांग बरं इंजिनीअर?” मी वरच्या पंख्याकडे बघितलं. व्हायवाची सवय!

सगळ्यात आधी काकांनी ऑइल सील बदलायला लावले. मला वाटलं, रबराच्या दोन रिंगा, काय एवढं? पण टू-स्ट्रोकचा क्रँककेस हवाबंदच असावा लागतो, कारण तोच पंपाचं काम करतो. येझदीत डाव्या बाजूचा सील गेला तर गिअरचं ऑइल आत ओढलं जाऊन पांढरा धूर निघतो. उजव्या, म्हणजे डायनॅमोच्या बाजूचा गेला तर बाहेरची हवा आत शिरते, मिश्रण पातळ होतं, इंजिन तापतं आणि पिस्टन पकडतो. पंचवीस रुपयांच्या वस्तूसाठी हजारोंचं काम! उभ्या गाडीचं रबर वापरून नाही, न वापरून कडक होतं.

टाकीचा किस्सा वेगळाच. आत गंजाचे पापुद्रे. मी केमिकल आणायला निघालो तर आजी म्हणाली, “चिंच घाल. मी पितळेची भांडी कायनं घासतो?” मी हसलो. पण विचार केला तर बरोबर होतं. चिंचेत टार्टारिक ॲसिड असतं आणि ते गंज सोडवतं. किलोभर चिंचेचा कोळ, गरम पाणी, मूठभर नटा, आणि टाकीचं तोंड बंद करून दोन दिवस अधूनमधून खुळखुळा वाजवायचा. बाहेर आलेलं पाणी काळं कुळकुळीत, आणि आतून टाकी चांदीसारखी! मग खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुतली आणि ‘सकाळी ऑइल फिरवू’ म्हणून तशीच ठेवून झोपलो. सकाळी बघतो तर आत सगळीकडे नारिंगी गंज. साफ केलेलं उघडं लोखंड एका रात्रीत पुन्हा गंजतं. सगळा उद्योग दुसऱ्यांदा करावा लागला. आजी म्हणाली, “चिंचीचे पैसे दे आता.”

कार्बोरेटरमध्ये जुनं पेट्रोल सुकून डिंकासारखं चिकटलं होतं. जेटची भोकं इतकी बारीक, की लोखंडी तार घातली तर पितळ मोठं होऊन कायमचं बिघडतं. म्हणून वायरमधली तांब्याची एक बारीक तार वापरायची. कॉन्टॅक्ट पॉइंट बारीक पॉलिश पेपरने घासले, फिलर गेजने ०.४ मि.मी. गॅप लावला. सहा व्होल्टची बॅटरी नवी घेतली. या गाडीला बॅटरीशिवाय ठिणगीच नाही. वायरिंग मी स्वतः केलं. रंगीत वायरी कमी पडल्या म्हणून सगळीकडे काळीच वापरली, आणि पुढे तीन दिवस इंडिकेटर लावला की हॉर्न वाजायचा!

हे सगळं फुकटात झालं असं समजू नका. मी दिवसा काकांच्या दुकानात हेल्परचं काम करायचो. त्याच्या बदल्यात काकांनी मजुरी घेतली नाही. पार्टचा खर्च १८,६४० रुपये झाला. वहीत लिहून ठेवलाय. त्यातले सहा हजार बाबांनी सोयाबीन विकल्यावर दिले, काही न बोलता, टाकीवर ठेवून गेले. गाडीची बाजारातली किंमत त्यापेक्षा कमीच भरेल. व्यवहार म्हणून हा धंदा तोट्याचा होता, हे मी मान्य करतो.

आणि अजून एक गोष्ट मान्य करतो. गाडीच्या नावाखाली मी पुस्तकांपासून पळत होतो. हिवाळी परीक्षेचा फॉर्म भरायची तारीख आली आणि गेली. मी भरला नाही. घरी सांगितलंही नाही. हात काळे असले की माणसाला वाटतं, आपण फार मोठं काम करतोय.

दिवाळी गेली, डिसेंबर उजाडला. शेवटी तो दिवस आला. अंगणात गाडी उभी. काका, बाबा, आई, आजी, शेजारची चार पोरं आणि कोंबडी. पेट्रोलमध्ये एका लिटरला चाळीस मिली ऑइल घातलं. नवा पिस्टन, म्हणून हात सढळ. काका माझ्याकडे बघून म्हणाले, “आता मार किक.”

मारली. काही नाही. दहा मारल्या. काही नाही. पंधराव्या किकला इंजिन उलटं फिरलं आणि दांडा माझ्या नडगीवर असा आपटला की डोळ्यांसमोर तारे! टायमिंग थोडं पुढे लागलं होतं. ते सुधारलं. मग इंजिन भडकायचं, दोन-तीन सेकंद ‘भुर्र’ करायचं आणि गुदमरल्यासारखं बंद पडायचं. प्लग काढून बघितला, ठिणगी निळी. पेट्रोल येतंय. कॉम्प्रेशन आहे. मग काय?

दोन तास सगळे डोकं खाजवत होतो. बाबा खाली बसले आणि सायलेन्सरच्या तोंडापाशी हात धरून म्हणाले, “मार किक.” मारली. मग दुसऱ्या सायलेन्सरपाशी हात धरला. “मार.” मारली. म्हणाले, “इकून हवाच नाही येऊन राहिली.”

डाव्या सायलेन्सरची आतली नळी ओढून काढली. आत खोलवर कुंभारमाशीने मातीचं घर बांधलेलं होतं. उजवीकडचा मी साफ केला होता आणि डावीकडचा ‘बाहेरून चांगला दिसतो’ म्हणून सोडला होता! टू-स्ट्रोकला जेवढं आत घेणं महत्त्वाचं, तेवढंच बाहेर सोडणं. जळलेला वायू बाहेर गेल्याशिवाय नवं मिश्रण आत येत नाही. हे वाक्य मी परीक्षेत लिहिलं असतं तर दोन मार्क मिळाले असते.

माती काढली. नळी बसवली. काका मला बाजूला करून बाबांना म्हणाले, “तुम्ही मारा.”

बाबांनी चप्पल नीट केली, डावा पाय ठेवला आणि एकच किक मारली.

आवाजाचं वर्णन मी करणार नाही. ज्यांनी येझदी ऐकली आहे त्यांना गरज नाही, आणि ज्यांनी नाही ऐकली त्यांना सांगून कळणार नाही. अंगणभर निळा धूर झाला. कोंबडी उडून छतावर गेली. आजी आत गेली आणि देवापुढचा कुंकवाचा करंडा घेऊन बाहेर आली. तिने टाकीला बोट लावलं आणि म्हणाली, “आवाज तोच हाय.” मग पदराने डोळे पुसून म्हणाली, “धूर किती करून राहिली बाप्पा!”

गाडी चालू झाली, पण रस्त्यावर नेता येत नव्हती. कागद! रजिस्ट्रेशन पंधरा वर्षांचं असतं. म्हणजे ते २००१ मध्येच संपलेलं, आणि गाडी अजून आजोबांच्या नावावर. मालक गेल्यावर गाडी वारसाच्या नावावर करायला फॉर्म ३१, रजिस्ट्रेशनच्या नूतनीकरणाला फॉर्म २५. दुचाकीची नूतनीकरणाची फी १ एप्रिल २०२२ पासून ३०० रुपयांवरून १,००० झाली होती. (वीस वर्षांवरच्या गाड्यांसाठी २०२५ मध्ये ती आणखी वाढली.) शिवाय उशिराचा दंड, पर्यावरण कर, विमा, पी.यू.सी. जुन्या दुचाकींना, म्हणजे मार्च २००० पर्यंतच्या, कार्बन मोनॉक्साईडची मर्यादा साडेचार टक्के आहे. आमची त्यात बसली. आजी आणि आत्याच्या संमतीच्या सह्या लागल्या. आजीने कागदावर सावकाश, अक्षर अक्षर लावून सही केली. तोवर दोन महिने आम्ही गाडी फक्त वावराच्या पांदणीवर फिरवली.

कागद हातात आल्यावर फेब्रुवारी २०२४ मधल्या एका रविवारी सकाळी मी आणि बाबा निघालो. सेलूहून पवनार. समृद्धी महामार्ग आमच्याच तालुक्यातून जातो, पण त्याच्यावर दुचाकीला परवानगी नाही. असली असती तरी येझदीला तिथली घाई झेपली नसती! नवीन पिस्टन, म्हणून चाळीसच्या वर न्यायची नाही अशी काकांची सक्त ताकीद होती. मी चालवत होतो, बाबा मागे. रस्त्यात तीन म्हाताऱ्यांनी हात करून गाडी थांबवली. तिघांकडेही एके काळी येझदी किंवा राजदूत होती आणि तिघांनीही विकल्याचं दुःख ऐकवलं.

पवनारला धाम नदीच्या पुलाजवळ थांबलो. नदीत पाणी कमी होतं, पलीकडे विनोबांचा आश्रम. बाबा बराच वेळ गाडीकडे बघत उभे होते. मग म्हणाले,

“मी दोन हजार सालीच क्रँक करू शकलो असतो. पुढच्या वर्षी पैसे आले होते.”

“मग केला का नाही?”

“कोठ्यात गेलो की तिच्याकडं पाह्याची लाज वाटे. बाबाची गाडी बंद पाडली आपन. म्हनून ताडपत्री टाकली. ताडपत्री टाकली की दिसत नाही.” थोडं थांबून म्हणाले, “एका वर्षात झालं असतं तर निस्ता रॉड बदलाचा होता. बाकी सारं उभं राहून राहून खराब झालं.”

मी काहीच बोललो नाही.

बाबांनी माझ्या हातातून किल्ली घेतली, गाडीवर बसले आणि समोर बघतच विचारलं, “समरचा फॉर्म कधी हाय?”

म्हणजे विंटरचा भरला नव्हता हे त्यांना माहीत होतं! सगळं माहीत होतं. मी म्हणालो, “पुढच्या महिन्यात.”

“भरून ये मंग.” आणि किक मारली. परतताना बाबांनी चालवली. चोवीस वर्षांनंतरही त्यांचा डावा पाय काहीच विसरला नव्हता.

मी फॉर्म भरला. चारही विषय एका दमात निघाले असं सांगायला आवडलं असतं, पण तीन निघाले आणि चौथा तिसऱ्या वर्षात असताना निघाला. थर्मोला टू-स्ट्रोक इंजिनावर प्रश्न आला होता. मी चार पानं लिहिली. आज मी फायनल इयरला आहे, माझ्या बॅचच्या एक वर्ष मागे. पहिल्या दिवशी वर्गात शिरताना पाय जड झाले होते. दुसऱ्या आठवड्यात कुणाच्या लक्षातही राहिलं नाही.

आता जाता जाता कामाचं. सुट्टीत हॉस्टेलच्या शेडमध्ये गाड्या टाकून जाणाऱ्या मित्रांनो, दोन-तीन महिने उभी ठेवणार असाल तर पेट्रोलचा कॉक बंद करून इंजिन बंद पडेपर्यंत चालू द्या, म्हणजे कार्बोरेटर रिकामा होतो. हल्लीच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते हवेतलं पाणी ओढतं, आणि जुन्या गाडीचं रबर व कॉर्क खातं. म्हणून फार दिवसांसाठी टाकी रिकामी करून आत ऑइल फिरवा. बॅटरी काढून घरी न्या. प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडा. मेन स्टँडवर लावा आणि सायलेन्सरच्या तोंडात फडकं कोंबा. दोन असतील तर दोन्हींच्या! आणि बरीच वर्षं उभी असलेली गाडी कुणाच्या घरी असेल, तर मिस्त्री काकांचं एकच वाक्य लक्षात ठेवा. आधी किक नाही. आधी ऑइल, मग हाताने, हळूहळू, बोटभर पुढे, बोटभर मागे.

हे मी फक्त गाडीबद्दल म्हणतोय असं नाही. यंदा ज्यांचं वर्ष गेलं असेल आणि जे हा अंक घरी, खोलीचं दार लावून वाचत असतील, त्यांच्यासाठीही आहे. लोक म्हणतील, झटकून टाक, उठ, लाग कामाला. ते किक मारणं झालं. एक विषय काढा, एक धडा काढा, बोटभर हला. आणि मुख्य म्हणजे ताडपत्री टाकू नका.

जुलैच्या दुसऱ्या रविवारी जावा-येझदीवाले आपापल्या गावात गाड्या घेऊन एकत्र येतात. आम्हीही जायचं ठरवलंय. अडचण एकच आहे. आता बाबा मला गाडी देत नाहीत!